चेक इंजिनचा दिवा आणि रिपोर्टवरचा तारा

लॅबचा रिपोर्ट हातात पडला की आपण सगळे एकच गोष्ट करतो. चाळीस आकड्यांतले जे तीन-चार ठळक अक्षरांत छापलेले असतात, ज्यांच्यापुढे तारा असतो, तेच आधी पाहतो. मग मोबाइल काढून त्या आकड्याचं नाव शोधतो. रात्र वाईट जाते. सकाळी दवाखान्यात आल्यावर पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, हे वाढलंय, गोळी सुरू करायची ना?"

या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायचं आहे. त्यासाठी आज मी तुम्हाला थोडा वेळ माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली नेणार आहे. गाडीतलं काही कळत नसलं तरी चालेल. ज्यांना कळतं त्यांना पुढचा भाग जास्त पटकन पटेल, एवढंच.

गाडीचा रिपोर्ट कसा तयार होतो?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या गाड्यांत इंजिनावर लक्ष ठेवणारा एक छोटा संगणक असतो. त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनाचं तापमान किती, आत हवा किती शिरते, धुरात ऑक्सिजन किती उरला, शाफ्ट कुठल्या स्थितीत आहे, हे सांगणारे सेन्सर त्याला जोडलेले असतात. एखादी गोष्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की ईसीयू एक कोड नोंदवतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्याला स्कॅनर जोडला की कोड वाचता येतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ही पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे ती बीएस-४ च्या काळात आली.

कोड असे असतात: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पी०३३५ म्हणजे क्रँकशाफ्टच्या सेन्सरचं सर्किट. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यातला एकही कोड "अमुक पार्ट खराब आहे, तो बदला" असं सांगत नाही. कोड फक्त सांगतो की इथून आलेली माहिती मला अपेक्षित होती तशी नाही. का नाही, हे शोधायचं काम माणसाचं.

टायमिंग म्हणजे काय?

इंजिनात दोन मुख्य शाफ्ट असतात. खालचा क्रँकशाफ्ट, जो पिस्टन वर-खाली होताना फिरतो, आणि वरचा कॅमशाफ्ट, जो व्हॉल्व्ह उघडतो. खालचा दोनदा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरला पाहिजे. ही सांगड एका साखळीने किंवा रबरी पट्ट्याने घातलेली असते. तीच टायमिंग चेन किंवा टायमिंग बेल्ट.

गाडी तीन हजार आरपीएमवर असते तेव्हा क्रँकशाफ्ट सेकंदाला पन्नास वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो. एवढ्या घाईत साखळी एक दात जरी सरकली तरी व्हॉल्व्ह चुकीच्या क्षणी उघडू लागतो. गाडी ओढत नाही, थरथरते, पेट्रोल जास्त पिते. हृदयातही आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात, मग खालचे. ईसीजीवर हे अंतर साधारण ०.१२ ते ०.२० सेकंद असतं. ते फार वाढलं की आम्ही डॉक्टर भुवया उंचावतो. तर टायमिंग हा प्रकार तुमच्या छातीतही आहे.

माझ्या गाडीला आलेला कोड

माझी गाडी तेरा वर्षांची, पेट्रोलची, सेकंड हँड घेतलेली. गेल्या थंडीत सकाळी सुरू करताना ती जास्त वेळ सेल्फ घेऊ लागली. सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंद समोरून रटरट आवाज यायचा आणि थांबायचा. चढाला पिकअप मिळेना. मग दिवा लागला.

पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०३४१. स्क्रीनवर त्याचं नाव होतं कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर, रेंज आणि परफॉर्मन्स. नावात सेन्सर होता म्हणून सेन्सर बदलला गेला. कोड पुसला, दिवा विझला. जुना सेन्सर मी मागून घेतला आणि डिकीत टाकला. पाचव्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

दुसरे मिस्त्री वयाने मोठे. त्यांनी स्कॅनरला हात लावायच्या आधी मलाच बसवलं.

"डॉक्टर, आवाज कधी येतो? गरम झाल्यावर की पहिल्या सेल्फला?"

"पहिल्या सेल्फलाच. सकाळी."

"किती वेळ?"

"दोन-तीन सेकंद."

"आधीच्या मालकाने ऑइल कधी कधी बदललं, काही कागद आहेत?"

कागद नव्हते. त्यांनी मान हलवली. अगदी आम्ही रुग्णाला विचारतो तशी ही हिस्टरी चालली होती.

मग त्यांनी स्वस्त गोष्टी आधी पाहिल्या. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.१. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग ठीक. बॅटरी कमजोर असली तर एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड येतात, हे त्यांचं म्हणणं. सेन्सरचं कपलर काढून पिना पाहिल्या, गंज नाही. मल्टीमीटर लावून सेन्सरला वीज पोचते का आणि अर्थिंग नीट आहे का ते पाहिलं. ते सगळं ठीक निघाल्यावर स्कॅनर लावला. आता जुन्या कोडच्या जोडीला नवा होता, पी००१६. त्याचा अर्थ असा की क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांच्या माहितीचा मेळ बसत नाही.

"सेन्सर खोटं बोलत नाही," मिस्त्री म्हणाले. "कॅम खरंच मागे पडलाय."

टॅपेट कव्हर उघडलं. इंजिन हाताने, पान्याने फिरवून क्रँकची खूण जागेवर आणली. कॅमची खूण जिथे असायला हवी होती तिथून जरा मागे होती. साखळी झिजून लांबली होती. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत तो दाब नसतो, म्हणून सकाळच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत सैल साखळी आपटून आवाज करायची. सगळ्या तक्रारी एका कारणात बसल्या. साखळी, टेन्शनर आणि गाइड बदलले. मग त्यांनी डिकीतला जुना सेन्सरच परत बसवला. गाडी अजून त्याच सेन्सरवर चालते आहे.

निरोप्याला शिक्षा करू नका

आता दवाखान्यात येऊ. समजा तुमचे वडील अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि त्यांचं हिमोग्लोबिन ९ आलं. लोहाच्या गोळ्या मिळतात, स्वस्त आहेत, दोन महिन्यांत आकडा १२ होईल. रिपोर्टवरचा तारा जाईल. घरी सगळे खूश.

हे सेन्सर बदलण्यासारखं आहे. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाच्या अंगातलं लोह कमी झालं तर पहिला प्रश्न गोळीचा नसतो. रक्त जातंय कुठे, हा असतो. मूळव्याध आहे का? सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेऊन पोटात अल्सर झाला आहे का? मोठ्या आतड्यात गाठ आहे का? आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कित्येकदा एवढीच असते: दमायला होणं आणि कमी हिमोग्लोबिन. लोहाच्या गोळ्यांनी आकडा सुधारतो आणि गाठ शांतपणे वाढत राहते. म्हणून मी जेव्हा म्हणतो की गोळ्या देतो, पण शौचाची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणीही करू, तेव्हा कृपया "आता तर रिपोर्ट नॉर्मल आलाय" म्हणून ती टाळू नका.

दोन आकड्यांचा मेळ बसत नाही तेव्हा

पी००१६ हा मला सगळ्यात आवडलेला कोड. एकटा क्रँकचा सेन्सर पाहिला तर ठीक, एकटा कॅमचा पाहिला तरी ठीक. दोघांना शेजारी ठेवल्यावर दोष दिसतो.

एक ताई आल्या होत्या, पंचेचाळीसच्या आसपास. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका तपासणी शिबिरात त्यांचं एचबीए१सी ६.८ आलं होतं. मधुमेहाची रेषा ६.५ ला आहे. घरात सासूबाईंना मधुमेह, त्यांचा पाय कापावा लागला होता, त्यामुळे घाबरणं साहजिक होतं. ताईंनी भात, भाकरी, गूळ, फळं सगळं बंद केलं. दोन महिने मूठभर उसळ आणि काकडीवर काढले. आल्या तेव्हा जिना चढून धाप लागली होती.

एचबीए१सी ६.८ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर साधारण १४८. पण शिबिरातल्याच कागदावर त्यांची उपाशीपोटीची साखर ९२ होती आणि जेवणानंतरची १२४. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? त्याच कागदावर खाली तिसरा आकडा होता, हिमोग्लोबिन ८.४. वर्षभर पाळीत खूप रक्त जात होतं, हे विचारल्यावर कळलं. ते कुणाला सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लोहाच्या कमतरतेत हा आकडा खरा नसताना वाढलेला दिसू शकतो. उलट, रक्त चढवल्यावर किंवा तांबड्या पेशी लवकर फुटण्याच्या आजारात तो खोटा कमी दिसू शकतो. आम्ही पाळीच्या त्रासावर उपचार केले, लोह दिलं, जेवण पूर्ववत करायला सांगितलं. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन १२ च्या पुढे गेलं आणि एचबीए१सी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व पट्टा आहे, म्हणजे काळजी घ्यायचीच आहे, घरात इतिहासही आहे. पण ज्या आजाराच्या भीतीने त्या उपाशी राहत होत्या तो त्यांना नव्हता, आणि ज्याने त्या खरंच थकत होत्या त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

कधी कधी निरोप्याच चुकतो

मिस्त्रींनी कपलर आणि वायरिंग आधी का पाहिलं? कारण कित्येकदा इंजिन ठणठणीत असतं आणि उंदराने कुरतडलेली वायर खोटा कोड देते. रक्ताच्या तपासणीतही अशा वायरी आहेत.

पोटॅशियम. शीर सापडत नव्हती, रक्त कसंबसं ओढलं, नळीत पेशी फुटल्या. पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर आलं आणि रिपोर्टवर आकडा वाढला. शरीरातलं पोटॅशियम ठीकच होतं.

प्लेटलेट्स. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने तपासणी केली आणि प्लेटलेट्स ४०,००० आल्या. काही लोकांच्या प्लेटलेट्स जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात. मशीनला तो गठ्ठा प्लेटलेट म्हणून मोजता येत नाही. काचेवर स्मिअर पाहिला किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की खरा आकडा कळतो.

थायरॉइड. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसामुळे काही मशीनवर टीएसएच खोटा कमी दिसतो. तपासणीआधी असं काही घेत असाल तर सांगा.

रक्तदाब. जाड दंडाला लहान पट्टा लावला, जिना चढून लगेच मोजला, मोजताना बोलत राहिलात, तर आकडा जास्त येतो. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून मोजलेला रक्तदाबच धरायचा.

आणि एक साधं गणित. बऱ्याच तपासण्यांची "नॉर्मल" मर्यादा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात अशी आखलेली असते. म्हणजे प्रत्येक तपासणीत पाच टक्के निरोगी माणसं रेषेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या धरल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टवर किमान एक तारा दिसण्याची शक्यता ६४ टक्के होते. ज्याच्या फुल बॉडी चेकअपमध्ये एकही तारा नाही असा माणूस विरळाच.

अर्थात, "रिपोर्ट खोटा असेल" असं घरी बसून ठरवू नका. वाढलेलं पोटॅशियम खरं असेल तर हृदय थांबू शकतं. खरं की खोटं हे ठरवायची पद्धत आहे, आणि ती सहसा स्वस्त असते: त्याच दिवशी पुन्हा तपासणी.

कोड पुसू नका

स्कॅनरवर एक बटण असतं, त्याने सगळे कोड पुसले जातात. दिवा विझतो. पण त्याबरोबर दोष आला तेव्हा गाडीचा वेग किती, इंजिन किती गरम, अशी ईसीयूने टिपून ठेवलेली माहितीही जाते. शोधणाऱ्याच्या हातातला धागाच तुटतो.

तुमच्यापैकी काही जण तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडता. मला कळतं, कारण उपाशीपोटीची साखर सुंदर येते आणि एचबीए१सी वेगळंच सांगतं. काही जण ताप आल्याबरोबर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन येतात. मग कल्चरमध्ये जंतू उगवत नाही आणि कुठलं औषध द्यायचं ते अंदाजाने ठरवावं लागतं. छातीत जळजळतं म्हणून रोज अॅसिडिटीची गोळी घेणारे तर असंख्य. गोळी घ्या, पण महिनोन्महिने घ्यावी लागत असेल तर येऊन दाखवा.

दिवा लागलाच नाही तर?

साखळी झिजताना आवाज करते. रबरी टायमिंग बेल्टचं तसं नसतं. तो बहुधा काहीही न सांगता तुटतो, आणि अनेक इंजिनांत त्या क्षणी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना तो बदलायचाच असतो, गाडी कितीही छान चालत असली तरी.

रक्तदाब हा असा पट्टा आहे. "मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?" हे मी रोज ऐकतो. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना काहीही जाणवू देत नाही. पहिला त्रास जाणवतो तो कधी कधी थेट लकव्याच्या रूपाने. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजा, आणि गोळी सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

पुढचा रिपोर्ट हातात आल्यावर हे करा

१. जुने रिपोर्ट फेकू नका. एक आकडा फार सांगत नाही, तीन वर्षांतले तीन आकडे खूप सांगतात.

२. त्रास कधी होतो, किती वेळ राहतो, कशाने वाढतो, कशाने थांबतो, हे चार ओळींत लिहून आणा. सकाळच्या दोन सेकंदांच्या आवाजाने माझ्या गाडीचं निदान अर्धं झालं होतं.

३. घेत असलेली सगळी औषधं आणा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, जिममधली पावडर, केसांच्या गोळ्या, सगळी.

४. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हा आकडा माझ्या त्रासाशी जुळतो का? पुन्हा तपासून पाहायला हवा का? हा वाढण्यामागचं कारण काय असू शकतं?

५. शेजाऱ्याला याच आकड्यावर दिलेली गोळी स्वतःला सुरू करू नका. त्याचा कोड तोच असेल, दोष वेगळा असू शकतो.

आणि हे असेल तर रिपोर्टची वाटच पाहू नका

पिवळा दिवा स्थिर असला तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करत असतं, तेव्हा दामटू नये. आणि ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं.

शरीराचे लाल दिवे असे: छातीत दडपण आणि घाम, तोंड वाकडं होणं, हातातली शक्ती जाणं, बोबडं बोलणं, बसल्या जागी दम लागणं, शुद्ध हरपणं किंवा झटका येणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, तापात गुंगी. यातलं काहीही झालं तर लॅब नको, गुगल नको, उद्या सकाळही नको. १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

बाकी ताऱ्यांसाठी वेळ आहे. कागद पिशवीत ठेवा, रात्री झोपा, आणि दवाखान्यात येताना त्या चार ओळी लिहून आणायला विसरू नका.